फोटोवाला आला, हलू नका!

आमच्या नातीचे लग्न ठरले आणि घरात याद्यांचा पाऊस पडला. आचाऱ्याची यादी, आहेराची यादी, रुखवताची यादी, जानोशाला कोणी कुठे उतरायचे त्याची यादी. वाजंत्री कोण, कार्यालय कोणते, यांवर दोन-दोन दिवस खल झाला. परंतु खरी सभा भरली ती फोटोवाला ठरवायच्या दिवशी. त्या दिवशी अमरावतीहून एक तरुण गृहस्थ आपला लॅपटॉप घेऊन अकोल्याला आमच्या घरी आला आणि घरातली सोळाही माणसे त्याच्याभोवती पंगतीला बसावे तशी बसली.

पडद्यावर त्याने काय काय दाखवले म्हणता! चिखलदऱ्याच्या धुक्यात उभे असलेले नियोजित वधूवर, फुटलेल्या कपाशीच्या वावरातून हातात हात घालून धावणारे वधूवर, आकाशातून घारीच्या डोळ्यांनी टिपलेला मांडव. चार हजार फोटो देऊ म्हणाला. बोलणे गोड, वागणे आदबीचे, दर मात्र ऐकून माझा चष्मा नाकावरून खाली घसरला. शेवटी तो माझ्याकडे वळून म्हणाला, "आजोबा, तुम्हांला काही विचारायचे आहे काय?"

मी म्हटले, "एकच विचारतो. निगेटिव्ह कोणाकडे राहील?"

सगळे हसले. नात म्हणाली, "आबा, आता निगेटिव्ह नसते हो!" मलाही ते ठाऊक आहे. पण या एका प्रश्नामागे आमच्या घरची एक जुनी ठेच आहे आणि त्या ठेचेमागे वऱ्हाडातल्या फोटोवाल्यांचा, म्हणजे एका परीने आपल्या सर्वांच्याच घरांचा, इतिहास आहे. तो आज सांगावा म्हणतो. फराळाचे ताट शेजारी ठेवून वाचलात तरी चालेल.

फोटोची कला जन्मली परदेशात. १९ ऑगस्ट १८३९ रोजी दागेर नावाच्या फ्रेंच कलावंताची युक्ती पॅरिसमध्ये जाहीर झाली. ती आपल्याकडे यायला फार दिवस लागले नाहीत. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली आणि तिच्या सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी होते. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. त्या वर्गात शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण यांनी मुंबईत स्वतःचा स्टुडिओ थाटला. पैसे घेऊन गिऱ्हाइकाचा फोटो काढणाऱ्या पहिल्या हिंदी माणसांत त्यांची गणना होते. म्हणजे फोटोवाला ठरवणे हा उद्योग मराठी मुलखात पावणेदोनशे वर्षांच्या घरात पोचला.

ही झाली मुंबईची गोष्ट. आमच्या वऱ्हाडच्या शिवेवर कॅमेरा आला तो मात्र लग्नासाठी नव्हे, लेण्यांसाठी. मेजर रॉबर्ट गिल हा मद्रास पलटणीतला अधिकारी १८४४ सालापासून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करायला नेमलेला होता. त्याने वर्षानुवर्षे खपून मोठमोठी तैलचित्रे रंगवली आणि ती विलायतेस पाठवली. १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि तेथे मांडलेली त्याची बहुतेक चित्रे जळून गेली. पण १८५६ च्या सुमारास त्याने कॅमेराही हाती घेतला होता आणि त्याने काढलेल्या लेण्यांच्या फोटोंचे पुस्तक १८६४ साली लंडनला निघाले होते. चित्र एकच होते ते जळाले; फोटोच्या प्रती अनेक होत्या त्या उरल्या. गिल १८७९ साली वारला. भुसावळला त्याचे थडगे आहे. गाडीने मुंबईला जाता-येता भुसावळ लागले की मला या माणसाची आठवण होते. ज्याची प्रत नाही ते एका ठिणगीचे धनी असते, हा धडा त्याच्या आयुष्यात आहे आणि तो पुढे आमच्या घराने न शिकल्यामुळे काय झाले ते सांगणारच आहे.

त्या काळी फोटो काढणे म्हणजे स्वयंपाकाहून कठीण. काचेवर कलोडियनचे चिकट द्रावण ओतायचे, ती चांदीच्या क्षाराच्या पाण्यात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळायच्या आत अंधारात नेऊन उमटवायची. वैशाखातला अकोल्याचा वारा ज्यांनी अंगावर घेतला आहे त्यांना सांगायला नको की ओली काच इथे किती वेळ ओली राहील! १८७१ साली मॅडॉक्स नावाच्या इंग्रज डॉक्टराने जिलेटिनच्या कोरड्या प्लेटीचा मार्ग दाखवला. पुढच्या दहा वर्षांत त्या प्लेटी पेट्यांतून विकत मिळू लागल्या, आणि फोटोवाल्याचे बिऱ्हाड एका ट्रंकेत मावू लागले.

ती ट्रंक वऱ्हाडात आणायला रेल्वे होतीच. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात तिकडचा कापूस विलायतेला मिळेना, तेव्हा आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ साली लोहमार्ग नागपूरला पोचला. अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा ही स्टेशने त्याच वाटेवरची. १८७० साली खामगावचा फाटा झाला. कापसाच्या गाठी मुंबईला जाऊ लागल्या आणि परतीच्या गाडीने शिवणयंत्रे, घड्याळे, हार्मोनियम आणि फोटोची काचसामग्री येऊ लागली.

त्यातून वऱ्हाडचा संसार दोन घरचा. मुलूख मूळ निजामाचा. १८५३ च्या तहाने इंग्रजांकडे कारभारास आला, १९०२ साली कायम पट्ट्याने दिला गेला आणि १९०३ साली मध्यप्रांताला जोडला गेला. निजामाच्या दरबारी फोटोग्राफर होते लाला दीनदयाळ. १८४४ साली जन्मलेल्या या गृहस्थांना निजामाने १८९४ साली 'राजा बहादूर मुसव्विर जंग' हा किताब दिला. त्यांच्या साऱ्या कामगिरीत मला मोलाची वाटते ती एक निराळीच गोष्ट. १८९२ साली त्यांनी हैदराबादला केवळ स्त्रियांसाठी जनानी स्टुडिओ काढला आणि तेथे फोटो घेण्यास केनी-लेव्हिक नावाच्या इंग्रज बाईंची नेमणूक केली. पडद्यातल्या बाईचा चेहरा फोटोत यावा म्हणून कॅमेऱ्यामागचे माणूस बदलले पाहिजे, हे या चतुर माणसाने ओळखले होते. आमच्याकडल्या गावोगावच्या घरांत मात्र जनानी स्टुडिओ नव्हता आणि केनी-लेव्हिकबाईही नव्हत्या. म्हणून कित्येक घरांत पणजोबांचा पगडी घातलेला फोटो आहे आणि पणजीची मात्र केवळ आठवण आहे. काही घरांत तर तीही नाही.

भीतीही होती. फोटो काढला की आयुष्य घटते, यंत्र अंगातले सत्त्व ओढून घेते, असा समज देशभर होता. चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके यांनी उमेदीच्या काळात गोध्र्याला फोटोग्राफीचा धंदा केला. या समजाचा जाच त्यांनाही झाल्याचे सांगतात. आज हसू येते, पण थोडा विचार करा. घरात कोणी गेले आणि जिवंतपणीचा फोटो नसला की शेवटच्या क्षणी फोटोवाल्याला बोलावणे जाई. लोकांनी फोटोवाल्याला पाहिला तो पुष्कळदा मृत्यूच्या दारात. मग फोटो आणि मरण यांची सांगड त्यांच्या मनात बसली तर नवल काय?

ती सांगड सोडवली लग्नाने. पण लग्नाचा फोटो आला तो कचेरीच्या वाटेने. १८८५ साली मुंबईत काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले तेव्हा प्रतिनिधींचा एकत्र फोटो निघाला. तो आजही इतिहासाच्या पुस्तकांत दिसतो. १८९७ साली अमरावतीला शंकरन नायर यांच्या अध्यक्षतेखाली अधिवेशन झाले. स्वागताचा भार दादासाहेब खापर्ड्यांनी वाहिला. सभा, वकिलांचे मंडळ, शाळेचा वर्ग, बदली झालेल्या साहेबाचा निरोप: सगळीकडे 'ग्रूप'ची चाल पडली. मध्ये खुर्चीवर मानाचा पुरुष, दोहों बाजूंस उतरत्या मानाने इतर, पुढे सतरंजीवर कनिष्ठ, मागे उभे शिपाई. हाच साचा आम्ही जसाच्या तसा लग्नमंडपात आणला. साहेबाच्या जागी व्याही बसले आणि शिपायांच्या जागी बायका उभ्या राहिल्या. हा माझा तर्क आहे, पण कोणताही जुना लग्नाचा ग्रूप काढून पाहा. तुम्हीही तो मान्य कराल.

आता आमच्या घरच्या ग्रूपकडे येतो.

शारदा कायदा १९२९ च्या सप्टेंबरात मंजूर झाला आणि १ एप्रिल १९३० पासून लागू व्हायचा होता. मुलगी चौदाची आणि मुलगा अठराचा झाल्यावाचून लग्न करू नये असा तो कायदा. झाले! देशभर आईबापांनी कायद्याच्या आधी मुली उजवून टाकायची घाई केली. आमचे आजोबाही त्या घाईत सापडले. माझी आत्या तेव्हा अकरा वर्षांची होती. १९३० च्या फाल्गुनात अकोल्याच्या जुन्या शहरात तिचे लग्न लागले, ते गोरज मुहूर्तावर.

गोरज मुहूर्त म्हणजे दिवेलागणीची वेळ. गुरे घरी परततात, सूर्य बुडतो, अक्षता पडतात. देवाब्राह्मणांच्या दृष्टीने वेळ उत्तम, पण फोटोवाल्याच्या दृष्टीने अगदी कुमुहूर्त! मॅग्नेशियमची पूड पेटवून उजेड करण्याची सोय होती, पण मांडव तुराट्यांचा आणि छत कापडाचे. तिथे पूड पेटवायला कोण देणार? म्हणून लग्न लागले रात्री आणि फोटो निघाला दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन चढायच्या आत, अंगणातल्या लिंबाच्या सावलीत. आजोबांच्या हिशेबाच्या वहीत वाजंत्र्यांच्या खाली आणि केळीच्या पानांच्या वर 'फोटोवाल्यास इसार' अशी नोंद आहे. कापसाच्या सौद्याला द्यावा तसा इसार! माणूस येईल की नाही याची तेव्हाही खात्री नव्हती, हे त्यावरून दिसते.

हा फोटो माझ्यासमोर आहे. मध्ये खुर्च्यांवर दोन्हीकडचे वडील पुरुष. नवरदेव पंधरा वर्षांचा, जरीच्या टोपीत घामेजलेला. शेजारी आत्या, शालूच्या ओझ्याखाली दिसेनाशी झालेली. तिचा चेहरा फोटोत काळसर उतरला आहे. वास्तविक ती गव्हाळ होती आणि अंगाला हळद लागलेली होती. पण त्यातच ग्यानबाची मेख आहे. त्या काळच्या साध्या प्लेटीला निळा उजेड चटकन दिसे. पिवळा कमी दिसे आणि तांबडा मुळीच दिसत नसे. म्हणून जुन्या फोटोंत कुंकू काळे दिसते आणि हळदीने उजळलेली नवरी काळवंडलेली दिसते. कॅमेरा खोटे बोलत नाही म्हणतात. बोलत नसेल, पण त्याला रंगांधळेपणा होता खरा.

आणि अगदी उजव्या कडेला, मागच्या रांगेत, नवरीची आई. म्हणजे माझी आजी. तिच्यापुढे तिचा धाकटा मुलगा, पाच वर्षांचा. म्हणजे माझे वडील. सावलीत, लहान भिंग आवळून काढलेल्या फोटोला एक-दोन अंक मोजेपर्यंत सगळ्यांनी निश्चल राहावे लागे. फोटोवाल्याने काळ्या कापडातून डोके बाहेर काढले, भिंगाच्या टोपणाला हात घातला, आणि चुळबुळणाऱ्या पोराला पाहून ओरडला, "लेकराले धरा व बाई, हालू देऊ नका त्याले!" आजीने दोन्ही हात मुलाच्या खांद्यांवर घट्ट ठेवले. एक, दोन... आणि तेवढ्यात आतून कोणी तरी हाक मारली. साखर संपली होती की विहिणींची आंघोळीची पाणी निवली होती, देव जाणे. आजीने मान वळवली. तीन! टोपण बसले. पोर हलले नाही. हलली ती आजी. फोटोत तिच्या चेहऱ्याच्या जागी नुसता पांढुरका धूर आहे.

त्या वेळी कोणाला त्याचे काही वाटले नाही. मधले पुरुष स्वच्छ आले होते.

त्यानंतर आजीचा फोटो काढायचा योग आलाच नाही. माझ्या वडिलांचे लग्न झाले १९४३ साली. युद्ध चालू होते. प्लेटी, फिल्म, कागद सगळा माल परदेशचा, तो बाजारात मिळेना. हिंदुस्थानात फिल्म तयार होऊ लागली ती पुढे १९६७ साली, उटकमंडच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्यात. तेव्हा वडिलांच्या लग्नात फोटोवाचूनच भागले. मग आजी दम्याने बेजार झाली, आणि १९५८ साली गेली. दहावा झाल्यावर आजोबांनी पहिल्यांदाच विचारले, "तिचा फोटो आहे काय आपल्याकडे?" घरात कोणी बोलले नाही.

तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. वडील जिनिंग फॅक्टरीत कारकून. त्यांनी रजा काढली, ग्रूप कापडात गुंडाळला आणि मला घेऊन अमरावतीची गाडी धरली. बडनेऱ्याला गाडी बदलून आम्ही अमरावतीला उतरलो आणि परकोटाच्या आत एका नावाजलेल्या कारागिराच्या माडीवर गेलो. तो ग्रूपमधून एक माणूस वेगळे काढून मोठा फोटो करून देई. त्या काळी घरोघरच्या भिंतींवरचे हार घातलेले फोटो बहुधा असेच लग्नाच्या ग्रूपमधून जन्मलेले असत. माडीवर उत्तरेचा उजेड, उतरत्या मेजावर काच आणि त्यावर निगेटिव्ह. हा गृहस्थ बारीक टोकाच्या पेन्सिलीने त्यावर ठिपके देत होता. मी विचारल्यावर त्याने समजावून सांगितले की निगेटिव्हवर जिथे पेन्सिल लागते तिथे छापताना उजेड अडतो आणि कागदावर तेवढी जागा पांढरी येते. सुरकुत्या अशाच जातात. काळे करायचे तर चाकूने खरवडावे लागते. ते काम जोखमीचे. याचा अर्थ मला फार वर्षांनी उमगला: त्या पेन्सिलीला माणसाला उजळच करता येत होते. लग्न जमवायला म्हणून धाडलेल्या मुलींच्या फोटोंवर ती किती फिरली असेल! आणि फोटो पाहून आलेल्या पाहुण्यांनी खऱ्या मुलीकडे पाहून तोंडे किती वाकडी केली असतील! त्यात दोष पेन्सिलीचा नव्हे. ती गिऱ्हाइकाच्या मनातलेच गिरवत होती.

कारागिराने आमचा ग्रूप भिंगाखाली धरला आणि म्हणाला, "चेहराच नाही जी याच्यात. आता सांगा, रंग कसा होता बाईंचा?"

"सावळा," वडील म्हणाले.

"सावळा रंग भिंतीवर काळा दिसते जी. थोडा उजळ करतो. नाक?"

वडील थांबले. रोज पाहिलेल्या आईचे नाक कसे होते ते त्यांना सांगता येईना. ते माझ्याकडे पाहू लागले. मलाही सांगता आले नाही. मूळ प्लेट मिळाली तर थोडे फार दिसेल, असे कारागीर म्हणाला, म्हणून वडिलांनी अकोल्यात त्या जुन्या स्टुडिओच्या वारसांकडे चौकशी केली. ते म्हणाले, जुन्या प्लेटी गरम पाण्याने धुऊन काचा चौकटींना वापरून टाकल्या. जागा किती अडवायची? त्यांचेही चुकले असे म्हणवत नाही. अठ्ठावीस वर्षांत आम्ही दुसरी प्रत मागायला गेलो नव्हतो.

दोन महिन्यांनी फोटो आला. टपोरे डोळे, धारदार नाक, गोरापान चेहरा, नाकात मोत्यांची नथ. आजोबांनी पाहिला आणि काही न बोलता हार घातला. वर्षश्राद्धाला आत्या आली. अकराव्या वर्षी उजवलेली माझी आत्या आता चाळिशीची होती, चार लेकरांची आई. ती भिंतीपुढे उभी राहिली, आणि वडिलांना म्हणाली, "बापू, हे कोन व्हय रे? हे आपली माय नोहे."

वडील रडवेले झाले. म्हणाले, "बाई, ग्रूपमध्ये तिचा चेहराच नाही, मी काय करू?"

आत्याने ग्रूप मागितला. खिडकीशी नेऊन बराच वेळ पाहिला. मग उजव्या कोपऱ्यावर बोट ठेवून म्हणाली, "चेहरा कायले पाह्यजे? हे हात पाहा ना तिचे."

आम्ही पाहिले. चेहरा धुरकटलेला, पण पाच वर्षांच्या मुलाच्या खांद्यांवर टेकलेले दोन हात अगदी स्वच्छ आले होते. हाताची बोटे, त्यांवरची जाड पेरे, बांगड्यांच्या कडा, उजव्या अंगठ्यावरची चुलीच्या चटक्याची खूण. ते हात हलले नव्हते, कारण त्यांनी एका मुलाला धरून ठेवले होते. कारागिराने मोठा फोटो करताना खांद्यापर्यंतच ठेवला होता. हात कापले गेले होते. गोऱ्या बाईंचा फोटो त्याच दिवशी उतरला आणि त्या जागी ग्रूप लागला. तो आजतागायत तिथेच आहे.

त्यानंतर फोटोवाल्यांचे युग फार झपाट्याने पालटले. बहिरमच्या जत्रेत पुठ्ठ्याच्या मोटारीत बसून मी काढलेला फोटो, घरोघरी आलेला आग्फाचा 'क्लिक थ्री', पूर्व जर्मनीची 'ऑर्वो' फिल्म, हे सगळे आमच्या पिढीने पाहिले. १९७१ साली माझे लग्न झाले तेव्हा प्रश्न असे तो 'किती रोल?' एका रोलात चौरस फोटो बारा. दोन रोल ठरले म्हणजे चोवीस क्षण. त्यातले अक्षतांचे किती, विहिणींचे किती, हे आधी ठरवावे लागे. मग रंगीत फोटो आले, मग व्हिडिओ आला आणि त्याच्या हॅलोजनच्या दिव्याखाली नवरदेव लग्नाआधीच भाजून निघू लागले. आता तर प्रत्येक पाहुण्याच्या खिशात कॅमेरा आहे. उटकमंडचा तो कारखानाही बंद पडला.

पण निगेटिव्हचा प्रश्न संपला नाही, केवळ त्याचे रूप बदलले. आपल्या देशाचा कॉपीराइटचा कायदा १९५७ सालचा. त्यात म्हटले आहे की मोबदला देऊन कोणी फोटो काढवून घेतला आणि उलट करार केला नाही, तर त्या फोटोचा पहिला हक्कदार तो काढवून घेणाराच. हक्क आपला, मात्र वस्तू, म्हणजे पूर्वीची काच आणि आताची मूळ फाइल, राहते फोटोवाल्याच्या कपाटात. हक्क कागदावर आणि वस्तू परक्या कपाटात, अशी स्थिती असली म्हणजे काय होते ते आमच्या घराने १९५८ साली पाहिले आहे.

म्हणून त्या अमरावतीच्या तरुणाला मी तीन गोष्टी सांगितल्या आणि त्या करारात लिहून घेतल्या. पहिली, मूळ फाइली सगळ्या आमच्या हवाली कराव्यात. त्या आम्ही दोन घरी ठेवू. दुसरी, कोणाचाही रंग उजळू नये. आमच्या घराण्यात सावळेपणा पिढीजात आहे आणि त्याची आम्हांला लाज नाही. तिसरी, मध्यभागी जितका वेळ द्याल तितकाच कडेलाही द्या. पाने वाढणारी, पोरे सांभाळणारी, आहेर मांडणारी माणसे एकदा तरी समोरून, नीट, आली पाहिजेत. त्याने पहिल्या दोन लिहिताना थोडी कुरकुर केली. तिसरी लिहून झाल्यावर तो म्हणाला, "आजोबा, माझ्याही आजीचा फोटो नाही आमच्याकडे."

लग्न यथासांग पार पडले. शेवटी घरच्यांचा ग्रूप काढायचे ठरले. मध्ये वधूवर उभे, आम्हां म्हाताऱ्यांना खुर्च्या. कडेला माझी थोरली नातसून, पुढे तिची तीन वर्षांची मुलगी, जागच्या जागी थयथयाट करणारी. फोटोवाला म्हणाला, "ताई, जरा धरा तिला." नातसुनेने दोन्ही हात पोरीच्या खांद्यांवर ठेवले. कॅमेरा एका दमात दहा वेळा वाजला. नंतर छोट्या पडद्यावर पाहताना एका फोटोत ती हसत कुणाकडे तरी वळलेली दिसली. फोटोवाला म्हणाला, "हा काढून टाकतो."

मी म्हटले, "तो राहू द्या."

वाचकहो, दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची ट्रंक उतरवली असेलच. नसली तर उतरवा. जुना ग्रूप हाती लागला की घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाजवळ बसा आणि एकेकावर बोट ठेवून विचारा, हे कोण, हे कोण. आणि फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने नावे लिहा. शाईने लिहू नका, ती पुढे फुटते. मधल्या खुर्च्यांपासून सुरुवात करू नका. त्यांची नावे सर्वांना पाठ असतात. कडेपासून सुरुवात करा.